दक्षिणेला दार नाही

गंगापूर रोड, नाशिक
रविवार, २० नोव्हेंबर २००५

चि. रंगनाथ यास,

आक्काचे आशीर्वाद. कुसाबाईलाही सांग. आम्ही इकडे ठीक आहोत. तुम्हीही ठीक असाल असं धरून चालते, कारण तुझ्याकडून कळण्याची सोय राहिलेली नाही. फोन केला की कुसाबाई उचलते आणि ‘ते मळ्यात गेलेत’ म्हणते. मागून तुझा खोकला ऐकू येतो. म्हणून पत्र लिहिते आहे. पत्र फार तर न वाचता ठेवता येतं, आणि तू माझं पत्र न वाचता ठेवणार नाहीस एवढी मला खात्री आहे.

माझ्या दुसऱ्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन दसऱ्याआधी झालं. चांगलं झालं. बारीक काम करायचं नाही असं डॉक्टरांनी सांगितलं होतं आणि ते मी ऐकलं, याचं तुला आश्चर्य वाटेल. तुझ्या दाजींनी गच्चीवर शेवंतीच्या कुंड्या मांडल्या आहेत. दिवसभर त्यांच्याशी बोलतात. मी विचारलं तर म्हणाले, “त्या उलटून बोलत नाहीत.” वीज इकडेही रोज जाते. तुमच्याकडे निफाडला तर त्याहून जास्त जात असेल.

ऑफिस आता योगेशचं आहे. पाटीवर नाव माझं, पण काम त्याचं आणि त्याच्या कॉम्प्युटरचं. मी काय करते हे तू आयुष्यात कधी नीट विचारलं नाहीस, म्हणून एकदा लिहिते. इमारतीच्या भिंती आर्किटेक्ट घालतो. त्या भिंतींमधून पाणी, वीज, हवा, गारवा कसा फिरेल आणि आग लागली तर माणसं कुठून बाहेर पडतील, ते आम्ही ठरवतो. पूर्वी त्यासाठी दोन ड्राफ्ट्समन महिना महिना बोर्डावर वाकून बसायचे. योगेशने असा प्रोग्राम केला आहे की इमारतीची मापं, मशीनं आणि माणसं सांगितली की तो एकेक नियम लावत जातो आणि चहा थंड व्हायच्या आत सगळे पाइप, केबली, दारं काढून देतो.

त्यातले बहुतेक नियम माझे आहेत. दोन वर्षं मी सांगत होते आणि तो ते प्रोग्रामात घालत होता. विजेच्या पॅनेलवरून पाण्याचा पाइप न्यायचा नाही. संडासाची हवा स्वयंपाकघराकडे ढकलायची नाही. जिथे पुष्कळ माणसं एकत्र काम करतात तिथे एकमेकांपासून लांब दोन दारं हवीत. सगळं सांगून झालं तेव्हा तो म्हणाला, “आई, आता तू या डब्यात आहेस.” मला ही थट्टा तेव्हा आवडली नव्हती आणि आजही आवडत नाही.

आता कामाचं. गेल्या आठवड्यात डॉक्टरांनी मला ड्रॉइंग बघायला परवानगी दिली. पहिलं मी तुझ्या नव्या पॅकहाउसचं मागितलं. गेल्या वर्षाच्या सुरुवातीला पहिल्या डोळ्याच्या ऑपरेशनमुळे मी घरी असताना ते योगेशने केलं आणि तुला दिलं; त्यानंतर बारीक रेघा मला दिसतच नव्हत्या. उत्तरेला ट्रक लागतात ते मोठं दार. पूर्वेची सगळी बाजू द्राक्षं ठेवायच्या थंड खोल्यांनी भरलेली. पश्चिमेला कॉम्प्रेसरची, म्हणजे अमोनियाच्या मशीनची खोली. आणि दक्षिणेला नुसती भिंत. हॉलच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एक फटसुद्धा नाही.

मला एवढंच कळव. प्रत्यक्षात तिथे दार ठेवलं आहे का? मशीनमध्ये अमोनिया भरला का? बायका कामावर कधीपासून घेणार?

ज्या गोष्टीबद्दल आपण दोघं दोन वर्षं बोललो नाही तिच्याबद्दल मी काही लिहिणार नाही. हे पत्र दाराबद्दल आहे. उत्तर दाराबद्दलच दे.

तुझी
आक्का



गंगापूर रोड, नाशिक
रविवार, ४ डिसेंबर २००५

चि. रंगनाथ,

आशीर्वाद. तुझं उत्तर मिळालं. मला लिहायच्या ऐवजी तू योगेशला फोन केलास आणि त्याने मला निरोप दिला: “मामा म्हणाले, आक्काला सांग, कागदावर सगळं बरोबर आहे.”

कागदावर सगळं बरोबर आहे हे खरं आहे. तेच मला खटकतं. म्हणून मी योगेशला समोर बसवलं. जे बोलणं झालं ते तुला जसंच्या तसं सांगते, कारण त्यात तुझा वाटा मोठा आहे.

“मामांच्या हॉलला दुसरं दार कुठे आहे?” मी विचारलं.

“आहे की. पश्चिमेला.”

“ती मशीनची खोली आहे.”

“हो, पण दार आहे ना. हॉलच्या बाहेर नेतं, मोठ्या दारापासून लांब आहे. आई, नियम तुझाच आहे.”

“अमोनिया कुठून गळेल, योगेश?”

त्याने मशीनच्या खोलीवर बोट ठेवलं.

“मशीनमधून गळेल. आणि तू बायकांना पळायला वाट कुठून दिलीस?”

त्याने स्क्रीनवर रिपोर्ट उघडला. मग म्हणाला, “पण रिपोर्टमध्ये एकही चूक नाही.”

“दक्षिणेला दार का घेतलं नाहीस?”

“तिथे घेता येत नाही.”

“कोण घेऊ देत नाही?”

“नियम.”

मग त्याने मला नियमांची सुरुवात उघडून दाखवली. माझे नियम जिथून सुरू होतात त्याच्याही वर, सगळ्यांच्या डोक्यावर एक नियम बसवलेला आहे. दक्षिणेच्या भिंतीत दार घेऊ नये. मी म्हटलं, हा माझा नाही. तो म्हणाला, “मामांचा आहे.”

आधी त्याने तो खाली, माझ्या नियमांनंतर ठेवला होता. हा प्रोग्राम वरून खाली चालतो. वरच्या नियमाने एकदा सांगितलं की खालच्याने त्याच्याशी भांडायचं नाही. त्यामुळे माझा नियम दक्षिणेला दार काढायचा आणि तू ड्रॉइंग परत पाठवायचास. पुन्हा काढायचा, पुन्हा तू परत पाठवायचास. तिसऱ्या वेळी तुझे ते वास्तुवाले गुरुजी स्वतः फोनवर आले आणि त्यांनी योगेशला दक्षिण म्हणजे यमाची दिशा हे अर्धा तास समजावलं. शेवटी कंटाळून त्याने तुझा नियम उचलून सगळ्यांच्या वर नेऊन ठेवला. मग कुठे तुझं समाधान झालं.

रंगनाथ, मी तुला समजावून सांगते, कारण तू हुशार आहेस आणि तुला यंत्र कळतं. पूर्वी एखाद्या ड्राफ्ट्समनला कोणी म्हटलं असतं की दक्षिणेला दार नको, तर तो डोकं खाजवत माझ्या टेबलाशी आला असता. “मॅडम, मग बायका जाणार कुठून?” मशीनच्या खोलीतून कोणी जीव वाचवायला पळत नाही, हे कोणाला शिकवावं लागत नाही. म्हणून ते कुठे लिहिलेलंही नसतं. कॉम्प्युटर डोकं खाजवत नाही. त्याला दुसरं दार हवं होतं, एका भिंतीला हात लावायचा नव्हता, म्हणून त्याने उरलेल्या भिंती बघितल्या, एक दार सापडलं, त्यावर हिरवा दिवा काढला आणि खाली लिहिलं: सर्व नियम पूर्ण.

मी योगेशला म्हटलं, हा नियम आत्ता माझ्यादेखत काढ. त्याने मान हलवली.

“मामांनी सांगितलं तर काढतो. मी त्यांना शब्द दिलाय.”

“कधी दिलास?”

“तेव्हा,” तो म्हणाला.

मी पुढे विचारलं नाही.

भिंत विटांची आहे. अजून बाहेरून गिलावासुद्धा झालेला नाही, असं तो म्हणतो. लहानू मिस्त्री आणि त्याची दोन माणसं दिवसात दार पाडून देतील. पण ते अमोनिया भरायच्या आधी झालं पाहिजे. तुझ्या गुरुजींना मी काही बोलणार नाही. त्यांना हवं तर त्या दारावर नारळ फोडू दे, लिंबू बांधू दे, उंबऱ्याखाली काय पुरायचं ते पुरू दे. दार मात्र हवं.

उत्तर योगेशला देऊ नकोस. मला दे.

आक्का



गंगापूर रोड, नाशिक
सोमवार, १९ डिसेंबर २००५

चि. रंगनाथ यास आशीर्वाद.

गुरुवारी मी पॅकहाउसवर येऊन गेले हे तुला कळलंच असेल. तू पुण्याला गेला होतास म्हणे. माझी गाडी फाट्यावर वळताना तुझी जीप मळ्याच्या रस्त्याने जाताना मी पाहिली. नवे डोळे चांगले लागले आहेत. असो.

कुसाबाईने चहा दिला, तुझ्या तक्रारी केल्या नाहीत. ती कधीच करत नाही. मी हॉल बघायचा म्हटलं तर तिने मुकाट्याने चावी काढली. वाल्मीक मशीनवर होता. अमोनिया भरून झाला म्हणाला. मी लिहिलेलं पत्र पोचल्यानंतर भरला की आधी, हे मी त्याला विचारलं नाही. तो नोकर आहे.

बायका पॅकिंगचं शिकत होत्या. बऱ्याचशा पेठ-सुरगाण्याकडच्या. हसत होत्या, एकमेकींच्या पांढऱ्या टोप्या ओढत होत्या. त्यातली नवसाबाई नावाची सगळ्यांची पुढारी दिसली. मी तिला विचारलं, “समजा एकदम वास आला, डोळे झोंबायला लागले. तर कुठे पळाल?”

हातातलं काम न थांबवता ती म्हणाली, “त्या हिरव्या दिव्याखाली.”

“का?”

“तिथं पळता मानूस काढलाय ना, बाई. आमाला वाचता येत नाय, पर मानूस कळतो.”

बाकीच्या हसल्या. एक म्हणाली, “नवसे, तो तुझा नवरा हाय, दारू पिऊन पळतोय.” आणखी हसल्या.

तेवढ्यात वीज गेली. जनरेटर लगेच लागला नाही. हॉलला दक्षिणेला खिडकी नाही, पूर्वेला थंड खोल्या, उत्तरेचं मोठं दार वाल्मीकने गारवा राखायला ओढून घेतलेलं. रंगनाथ, तिथे स्वतःचा हात दिसेना. फक्त एक गोष्ट दिसत होती. मशीनच्या खोलीवरचा तो हिरवा दिवा. तो बॅटरीवर चालतो. सगळं बंद पडलं तरी तो जळत राहावा असा नियम आहे. तोही माझाच. बायकांची तोंडं त्याच्याकडे वळलेली होती, सगळ्यांची, आणि त्या उजेडात हिरवी दिसत होती. कोणी घाबरलं नव्हतं. मी घाबरले होते. मी मोठ्याने कुसाबाईला हाक मारली आणि दिवे आल्यावर ती म्हणाली, “आक्का, तुमचा आवाज कसा झाला तो.”

हे एवढंच असतं तर मी तुझ्याशी भांडून थांबले असते. पण नाशिकला परतताना माझ्या मनात आलं की योगेशने तो नियम कुठे ठेवला आहे? तुझ्या ड्रॉइंगमध्ये नाही ठेवला. प्रोग्रामात ठेवला आहे. प्रोग्राम सगळ्यांना तोच लागतो.

मी घरी न जाता ऑफिसात गेले. तुझ्या कामानंतर जेवढी ड्रॉइंगं बाहेर गेली ती काढायला लावली आणि जमिनीवर पसरली. योगेश म्हणाला, “आई, काय शोधतेस?” मी म्हटलं, “तू मला एक दक्षिणेचं दार दाखव.”

आम्ही दोघं गुडघ्यावर बसून बघत होतो. त्याला एकही सापडलं नाही.

इथे गंगापूर रोडवरचं एक मंगल कार्यालय आहे. नाशिक रोडला मुलींचं वसतिगृह आहे. निफाड आणि त्याच्या आसपास तुझ्यासारखीच पॅकहाउसं आहेत, ती तर तुझ्या शिफारशीने आलेली. या लोकांनी कोणी यमाचं नाव काढलं नव्हतं. त्यांनी काही मागितलंच नव्हतं. ज्या इमारतीला दुसरीकडे चांगलं दार मिळालं तिथे बिघडलं नाही. पण वसतिगृहाच्या जेवणाच्या खोलीचं दुसरं दार गॅसच्या टाक्या ठेवतात त्या खोलीत उघडतं. वर हिरवा दिवा. खाली लिहिलेलं आहे, सर्व नियम पूर्ण. आणि तिथे मुली जूनपासून राहत आहेत.

मी दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊन त्यांच्या व्यवस्थापकांना भेटले. चुकीचं ड्रॉइंग आमच्या ऑफिसातून गेलं आहे, दक्षिणेच्या भिंतीत तातडीने दार पाडा, मी स्वतः उभी राहते म्हणून सांगितलं. ते गृहस्थ माझ्याकडे सहानुभूतीने बघत राहिले. मग म्हणाले, “मॅडम, तुमच्याच मुलाने आम्हाला सांगितलं होतं की ह्यात माणसाच्या हातून होणारी चूक होतच नाही. आणि दक्षिण बंद आहे हे तर आमच्या अध्यक्षांना फार आवडलं. निफाडच्या रंगनाथरावांकडेही असंच आहे ना? त्यांनी फोडली का भिंत?”

मी म्हटलं, “फोडतील.”

“फोडली की कळवा,” ते म्हणाले. “मग आम्हीही बघू.”

मंगल कार्यालयाच्या मालकांनी तर तुझं नाव मी बसायच्या आतच घेतलं.

आता ऐक. मी दोन वर्षं ज्याबद्दल लिहिलं नाही ते आता लिहिते, कारण आता तो तुझ्या घरापुरता प्रश्न राहिलेला नाही.

तुझा राज मोटारसायकलवर होता. टँकर चुकीच्या बाजूने आला. हायवेवर. तुझ्या जुन्या शेडपासून कितीतरी लांब. शेडचं दार कुठल्या दिशेला होतं याच्याशी त्या टँकरचा काही संबंध नव्हता. तुझ्या गुरुजींनी तुला येऊन सांगितलं की दक्षिणेच्या दारातून यम आत आला, आणि तू ते धरून बसलास, कारण कोणीतरी तुला कारण देत होतं आणि मी देत नव्हते. माझ्याकडे कारण नव्हतं. कोणाकडेच नव्हतं.

पण तुझं दुःख आता तुझं एकट्याचं राहिलेलं नाही. माझ्या मुलाने ते नियम करून यंत्रात घातलं आहे, सगळ्यांच्या वर. ते आता रोज आपल्या आपण लागू होतं. ज्यांनी राजला कधी पाहिलं नाही अशा लोकांच्या घरांना लागू होतं. योगेशने आता नवी कामं थांबवली आहेत, पण बांधून झालेल्या भिंती तशाच उभ्या आहेत, आणि त्यांतली एकही तुझी फुटल्याशिवाय फुटणार नाही. लोकांनी माझ्या शब्दावर त्या बांधलेल्या नाहीत. तुझ्या नावावर बांधल्या आहेत.

आधी तू फोड.

आक्का



गंगापूर रोड, नाशिक
शुक्रवार, ३० डिसेंबर २००५
कुसाबाईच्या हाती

रंगनाथ,

हे पत्र कुसाबाई तुझ्या हातात देईल. तिच्यावर रागावू नकोस. ती सकाळच्या एसटीने एकटी आली. लग्नानंतर ती एकटी माझ्याकडे कधी आली नव्हती. मी दार उघडलं तर उंबऱ्यातच म्हणाली, “आक्का, आत येत नाय. तुम्ही चला.”

मी तिला आत ओढलं. दाजींनी चहा केला. ती कपाला हात लावेना.

“काय झालं?”

“वास येतोय.”

“कुठे?”

“हॉलात. कालपासून. वाल्मीक म्हनतो थोडं लिकेज असतंच, पाना फिरवला की जातं. फिरवला तवा गेलं. पुन्यांदा आलं. नवसाबाईचे डोळे लाल झालेत. ह्यांना सांगितलं तर म्हनले, सोमवारी माल चालू होतोय, आता मशीन थांबत नाय.”

मी म्हटलं, मी एवढी पत्रं लिहिली, तो वाचतो तरी का?

“वाचत्यात. पुन्ना पुन्ना वाचत्यात. उशीखाली ठेवत्यात.” मग ती म्हणाली, “पर आक्का, तुम्ही त्यात यम यम लिवता. त्यांचा यमाशी काय संबंध नाय.”

“मग?”

“तुम्ही त्या दिवशी मागून आलात. तुम्हाला म्हाईत नाय. अॅम्ब्युलन्स आपल्या घरापोत येईना, बोळ बारीक. मग शेडच्या खालच्या, दक्षिणेच्या दाराला लावली. तिथून आत घेतला राजला. पॅकिंगच्या टेबलावर ठेवला. पेट्या पडल्या होत्या बाजूला, मालाच्या. हे तिथंच उभे होते, दाराकडं तोंड करून. त्यांनीच उघडलं होतं ना दार. त्यांना वाटलं, माल न्यायला गाडी आली.”

रंगनाथ, हे मला माहीत नव्हतं. तू सांगितलं नाहीस आणि मी विचारलं नाही.

“तवापासून त्या बाजूला तोंड करून बसत सुदिक नाय,” ती म्हणाली. “गुरुजी नंतर आले. गुरुजींनी फक्त नाव दिलं त्याला.”

म्हणजे मी इतके दिवस तुझ्या गुरुजींशी वाद घालत होते आणि तू त्या वादात नव्हतासच. मी तुला टँकरचं सांगत होते. दिशांचं सांगत होते. तू दिशेला भीत नाहीस. तिथे दार असलं तर कोणीतरी ते बाहेरून वाजवेल आणि तुला उघडावं लागेल, एवढंच तुला नको आहे.

याला माझ्याकडे नियम नाही.

पण वास येतो आहे. नवसाबाईचे डोळे लाल आहेत. तेव्हा तुझ्या मनाची वाट बघता येणार नाही. काय होणार ते सांगते.

उद्या शनिवार आणि वर अमावस्या. लहानू मिस्त्रीला बोलावलं तर तो म्हणाला, “बाई, अमुशाला भिंत पाडायची, तीबी दक्षिणेची? माझी बायको मला घरात घ्यायची नाय.” मी म्हटलं, पहिला घण मी मारते, मग ते तुझं काम राहणार नाही, माझं होईल. त्याने विचार केला आणि हो म्हणाला. सकाळी मी, तो आणि त्याची माणसं येतो. योगेश गाडी चालवणार आहे. त्याने तो नियम आज माझ्यासमोर काढला. रडत होता. मामांना दिलेला शब्द मोडला म्हणाला. मी त्याला सांगितलं की मामांनी तुझ्याकडून शब्द घ्यायला नको होता आणि तू द्यायला नको होता, पण दोघांनी ते प्रेमापोटी केलं, हे मला आता कळलं आहे. वसतिगृहाच्या अध्यक्षांना आणि बाकीच्या सगळ्यांना त्याने स्वतःच्या सहीने कळवलं आहे. अजून एकाचंही उत्तर नाही. तिथल्या मुली आज रात्रीही त्याच खोलीत जेवतील. ते माझ्या डोक्यातून जात नाही.

कारखान्यांचे निरीक्षक असतात त्यांच्याकडे मी अर्ज दिला आहे. मालकाची बहीण, ड्रॉइंग करणाऱ्याची आई, असं त्यात माझ्या नावापुढे लिहिलं आहे. ते संक्रांतीनंतर येतो म्हणाले. संक्रांतीपर्यंत अमोनिया थांबत नाही. म्हणून आम्ही उद्या येतो.

तू मला अडवू शकतोस. जागा तुझी आहे. गेट बंद करून घेतलंस तर मी बाहेर बसेन, आणि बायका कामाला येतील तेव्हा एकेकीला हात धरून परत पाठवेन. तुला त्यांच्यादेखत माझ्याशी भांडावं लागेल. तेवढं तू करणार नाहीस असं मला वाटतं. खात्री नाही. पूर्वी असती.

तुला तिथे यायची गरज नाही. भिंत पडताना बघू नकोस. घरात बस, कुसाबाई तुझ्याजवळ बसेल. फक्त दोन गोष्टी कर. आत्ता, हे वाचून झाल्यावर, वाल्मीकला मशीन बंद करायला सांग. आणि दार होईपर्यंत एकाही बाईला आत घेऊ नकोस. एकीलाही नको, झाडायलासुद्धा नको.

आणखी एक. दार झालं की त्यातून पहिली मी आत येईन. लहानू नाही, योगेश तर नाहीच. मी हे काही मानत नाही, हे तुला माहीत आहे. आजही मानत नाही. पण तू त्या दाराकडे बघशील तेव्हा तुझ्या मनात कोणीतरी तिथून आत येतंच. उद्यापासून ते कोणी यायचं असेल तर तुझी म्हातारी बहीण येऊ दे, चपला घालून, डोक्यावर सिमेंटची धूळ घेऊन, तुझ्यावर ओरडत. आणि त्या दिशेला खरंच कोणी बसलेलं असेल, तर त्याने आधी माझ्याशी बोलावं. माझं वय झालं आहे, मला उत्तरं देता येतात.

मशीन बंद कर, रंगनाथ. आत्ता.

दक्षिणेकडून येते आहे.

तुझी
आक्का